मोटेवरचा अभ्यास

अकोला, ता. २८ ऑक्टोबर १९३६

चि. सौ. माणिक हिला गोवर्धनदादाचे आशीर्वाद. पाकिटात आपट्याची दोन पानं आहेत. यंदा दसऱ्याला येणं झालं नाही, तेव्हा सोनं टपालानेच घे आणि रागावू नकोस.

कामाचं लिहितो. अमरावतीच्या एका सरकारी हायस्कुलात खेड्यातल्या मुलांकरता थोड्या जागा राखल्या आहेत. राहणं-जेवणं वसतिगृहात. एप्रिलात परीक्षा होते. गणित, भूगोल आणि भाषा. जागा बोटांवर मोजण्याइतक्या आणि बसायला येणारी मुलं गाडीभर. तुला ठाऊक आहेच, मी इथे म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवून संध्याकाळी याच परीक्षेची शिकवणी घेतो. गेल्या साली माझी दोन मुलं लागली, तेव्हापासून ओळखदेख नसलेले लोकही मला रस्त्यात थांबवून नमस्कार करतात. मग सख्ख्या भाच्याला मी वाऱ्यावर सोडावं, हे काही बरं दिसत नाही. देवीदासचं डोकं चांगलं आहे असं तुमच्या गावचे गुरुजी म्हणतात. एकदा तो हायस्कुलात लागला की पुढची वाट त्याची तो काढील, आणि नाही लागला तर जन्मभर मोट आहेच.

त्याला अकोल्याला धाड असं मी म्हणणार नाही. जावईबापू त्याला मळ्यातून सोडणार नाहीत. म्हणून दर आठवड्याला टपालाने एक धडा पाठवतो, तो तू त्याच्याकडून करून घे. तू चौथीपर्यंत शिकलेली आहेस, तेवढं पुरे आहे. माझी अट एकच. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी त्याला बसवायचं, आणि मध्ये कोणी हाक मारायची नाही. अभ्यास म्हणजे बैठक. बैठक नाही तर काही नाही.

आणखी एक. पुढच्या वर्षी तो वयात बसणार नाही, त्यामुळे ही परीक्षा त्याला एकदाच देता येईल. पण हे त्याला सांगू नकोस. एकच वेळ आहे म्हटलं की मुलं हातपाय गाळतात. हा माझा अनुभव आहे.

तुझा दादा,
गोवर्धन


वलगाव, दिवाळीच्या आधीचा सोमवार

दादाला माणिकचा नमस्कार. वहिनीला सांग, कोहळं पाठवते आहे, त्याचं काय करायचं ते तिला कळतं.

तुझं सोनं पोचलं आणि दोन धडेही पोचले. घरात विषय काढला तेव्हा हे जेवत होते. म्हणाले, "शिकू दे ना. मी कुठं नाई म्हनतो? पन मोट थांबाले नको. मेथी सुकली तं तिले काय मालूम, पोट्ट्याची परीक्षा हाय म्हनून?" खरंच आहे ते. हे पहाटे भाजी घेऊन अमरावतीला इतवाऱ्याच्या बाजारात जातात, मोट देवीदास हाकतो, आणि वाफ्यांना पाणी मी देते. चौथं माणूस घरात नाही.

पण तू काळजी करू नकोस. अभ्यासाची सोय मी लावली आहे. जागा ठरलेली आहे, वेळ ठरलेली आहे, आणि मध्ये कोणी हाक मारत नाही. वऱ्हाडचे जिल्हे झाले, नद्या झाल्या, पावकी आणि निमकीचे पाढे पाठ आहेत. अडीचकीत अडखळायचा, आता तेही नाही. असा जबाब देतो की झाडावरची पाखरं उडतात. पुढचा धडा मोठा पाठवलास तरी चालेल.

तुझी,
माणिक


अकोला, ता. २० नोव्हेंबर १९३६

चि. माणिक,

भाऊबीजेला तुझ्या हातचं जेवलो, ओवाळून घेतलं आणि परत आलो. तिथं बोललो नाही, सणाच्या दिवशी तोंड कडू करायचं नव्हतं. आता बोलतो.

तू लिहितेस एक आणि मी पाहिलं दुसरं. ओसरीवर समोर बसवून मी त्याला पूर्णेच्या उपनद्या विचारल्या. तो जमिनीकडे पाहत राहिला. पावकी विचारली. पहिल्या तीन ओळी म्हटल्या आणि पाय चोळत बसला. जिल्हे विचारले तर चारांपैकी दोन, आणि त्यातलाही एक माझ्या तोंडाकडे पाहून. माझ्याकडे वामनराव वकिलांचा धाकटा येतो, त्याला हेच धडे देतो. तो खिडकीतून पतंग बघत बघत सगळं सांगतो.

आईला आपलं लेकरू हुशार वाटतं, त्यात नवल नाही. पण मला खोटं कळवून त्याचं काही भलं होणार नाही, माणिक. मी इथे बसून, आंधळ्याने वाट दाखवावी तसा पुढचे पुढचे धडे पाठवत राहिलो. खरं काय ते लिही. राग आला तरी लिही.

गोवर्धन


वलगाव, रविवार

दादा,

राग आला. म्हणून लगेच लिहिते.

मी खोटं लिहिलं नाही. जागा ठरलेली आहे असं लिहिलं होतं, ती जागा कोणती हे तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही, एवढंच. ती जागा म्हणजे विहिरीवरची धाव, मोटेच्या बैलांचा उतार.

सकाळी तुझा धडा मी एकदा वाचते आणि पदराला बांधते. देवीदास मोट धरतो, मी वाफ्यात उभी राहते. बैल धावेवरून खाली निघाले की मी सवाल ओरडते. खाली जाईपर्यंत तो विचार करतो. मोट रिकामी होते, बैल मागं मागं चढायला लागतात, आणि तो त्यांच्याबरोबर उलटा चालत जबाब देतो. जाताना सवाल, येताना जबाब. चुकला तर पुढच्या फेरीला तोच सवाल. सकाळभरात तुझा आख्खा धडा होतो आणि वांग्यांनाही पाणी होतं. मला तर वाटलं होतं, तुला कळलं की तू माझी पाठ थोपटशील.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला धावेवर त्याच उपनद्या विचारल्या. एका फेरीत सगळ्या सांगितल्या. म्हटलं, "अरे, मग मामापुढं काहून नाई सांगितल्या?" तर म्हणाला, "माय, तिथं बसलो होतो ना. बसलं की येतच नाई. पाय चालले की येते."

आता तू मास्तर आहेस. हे काय असतं ते तू सांग.

माणिक


अकोला, ता. २ डिसेंबर १९३६

चि. माणिक,

तुझं पत्र वाचून मी आधी हसलो. तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं, तीही हसली. मग रात्री दिवा लावून ते पुन्हा वाचलं.

परीक्षेच्या खोलीत धाव नसते. तीन तास बाकावर बसायचं असतं. त्या पोराच्या डोक्यात सगळं आहे, आणि ते बाहेर काढायचं दार आपण विहिरीवर बसवून ठेवलं आहे. त्याला जे येतं ते जिथे आलं पाहिजे तिथे येत नसेल, तर परीक्षकाच्या दृष्टीने त्याला काहीच येत नाही.

हे आजपासून बंद. जावईबापूंच्या पाया पडायची वेळ आली तरी पड, पण पोराला घरात बसव. मी अठरा वर्षं शिकवतो आहे, असं मूल माझ्याकडे आलं नव्हतं. खरं सांगायचं तर जी येतात ती बसायला शिकूनच येतात. आईच्या मांडीवर, बापाच्या टेबलाशी कुठेतरी शिकत असतील. ते शिकवायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, आणि ते कसं शिकवतात हे मला ठाऊक नाही.

तरी बसव.

गोवर्धन


वलगाव, संक्रांतीनंतरचा शुक्रवार

दादा,

तिळगूळ घे.

पाया पडावं लागलं नाही. एक दिवस हे बाजारातून लवकर आले आणि बांधावर उभे राहून ऐकत होते. देवीदास मोटेवर जगातले समुद्र म्हणत होता. यांनी डोक्यावरचं टोपलंही खाली ठेवलं नाही. संध्याकाळी म्हणाले, "हे समुंदर खरंच हायेत का वो एवढे? आपल्या देव्याले सगळे मालूम हायेत?" दुसऱ्या दिवसापासून बाजारातून आले की स्वतः मोट धरतात. कंबर धरून येतात, पण पोराला म्हणतात, "जा, बस मामाच्या अभ्यासाले." इतवाऱ्यात सगळ्यांना सांगून बसले आहेत की माहा पोरगा हायस्कुलात जाऊन राहिला.

आणि पोरगा घरात बसतो. ठरल्या जागी, ठरल्या वेळी, तू म्हणालास तसा. अन् काही येत नाही. मी विचारते, तो दाराबाहेर पाहतो. विहिरीकडून चाकाचा आवाज आला की त्याचे ओठ हलायला लागतात, आवाज थांबला की थांबतात. मोटेवर यायची ती अडीचकीही गेली. परवा रडला. म्हणाला, "माय, एकदा खाली जाऊन येऊ का? एकच फेरी." मी नाही म्हटलं. तूच बंद करायला सांगितलं होतंस.

यांना मी हे सांगितलेलं नाही. ते कंबर धरून मोट हाकतात आणि पोरगा शिकतो आहे असं समजतात. मला दोघांच्याही तोंडाकडे पाहवत नाही.

माणिक


अकोला, ता. ३१ मार्च १९३७

चि. माणिक,

मधल्या तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही. धडे पाठवत राहिलो, कारण मला तेवढंच करता येतं.

आता एक सुचलं आहे. पोराला पायच हवेत ना? मग बसल्या जागी चालू दे. मी खुर्चीवर बसून स्वतः करून पाहिलं. टाच वर, टाच खाली, आधी डावी मग उजवी, आणि मनात बैल हाकायचे. तुझी वहिनी विचारत होती, पायाला काही चावलं का म्हणून. तर त्याला एखाद्या लाकडी पेटीवर बसव, पाय हलवू दे. जाताना सवाल वाचायचा, येताना जबाब लिहायचा. खोलीत त्याचे पाय कोण बघणार आहे?

लगेच कळव.

गोवर्धन


वलगाव, पाडव्याच्या आदल्या दिवशी

दादा, जमलं!

पहिल्या दिवशी अर्धं आलं, तिसऱ्या दिवशी सगळं. पेटीवर बसतो आणि असे पाय चालवतो की पेटी जमिनीवर सरकत भिंतीपर्यंत जाते. समुद्र आले, उपनद्या आल्या, अडीचकी परत आली. पाटीवर गणितं भराभर सोडवतो. उद्या गुढीला तुझ्या नावाची साखरेची गाठी बांधते. परीक्षेला हे घेऊन जाणार आहेत. नवी टोपी आणली आहे, पोराला आणि स्वतःलाही.

माणिक


वलगाव, परीक्षेनंतरचा गुरुवार

दादा,

तुझी तार मिळाली. मी तिथे नव्हते. यांनी सांगितलं ते लिहिते.

हे आवाराबाहेर निंबाखाली बसले होते. शिपायाने आत येऊ दिलं नाही, पण देवीदासची जागा खिडकीला लागून होती, तो दिसत होता. पेपर मिळाला, त्याने वाचला आणि लिहायला लागला. हे खूष. मग याचे पाय सुरू झाले. दादा, तो बाक लांब होता आणि टेबल त्याला जोडलेलं होतं. त्याच बाकावर आणखी दोन मुलं. सगळा बाक हलायला लागला. पलीकडच्या मुलाची दौत त्याच्या कागदावर सांडली आणि तो ओरडला. मास्तर आले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण त्यांनी छडीने याच्या पायांकडे दाखवलं.

त्याने पाय थांबवले. मग उभा राहिला आणि बाकाच्या बाजूने चालायला लागला. चार पावलं पुढं, आणि चार पावलं मागं, उलटा. सगळी मुलं हसली. मास्तरांनी दंडाला धरून त्याला जागेवर बसवलं आणि त्याच्याशेजारीच उभे राहिले. त्यानंतर पेपर संपेपर्यंत त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

हे सांगताना यांनी डोक्यावरची नवी टोपी काढली. म्हणाले, "मले सगळं दिसून राहिलं होतं वो. माह्या तोंडात हाक आली होती, मोटेवर मारतो तशी. म्या हाक मारली असती तं त्याचे पाय नसते हालले, पन डोकं चाललं असतं. पन तिथं कशी मारू? गिळली म्या हाक."

दुपारच्या दोन्ही पेपरांना तो बसला. काय लिहिलं ते सांगत नाही. मला त्याचं एक वाक्य तेवढं कळलं. रात्री झोपताना म्हणाला, "माय, त्याह्यनं विचारलेलं सगळं मले येत होतं."

माणिक


अकोला, ता. २९ मे १९३७

चि. माणिक,

यादी लागली. त्यात त्याचं नाव नाही. तुला हे आधीच ठाऊक होतं, मलाही होतं, तरी मी अमरावतीला जाऊन यादी दोनदा वाचली. मग हेडमास्तरांना भेटायला गेलो. सगळं सांगितलं. मोट, धाव, पाय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मास्तर, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण मी कागदाला गुण देतो. चार ओळींपलीकडे कागद कोरा होता." त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं, म्हणून मला भांडताही आलं नाही.

वामनराव वकिलांचा धाकटा लागला. शेवटचे दोन महिने तो माझ्याकडे धड आलाही नव्हता. काल वकीलसाहेब पेढे घेऊन आले, चार लोकांत म्हणाले, सगळं मास्तरांच्या शिकवणीमुळे झालं. मी पेढा खाल्ला. नाही म्हणता आलं नाही. दोघांना धडे मी तेच दिले होते, माझ्याच हाताने नकलून. ज्याला त्यांची गरजच नव्हती तो पास झाला, आणि ज्याला ते शब्द न् शब्द येत होते तो राहिला. मग शिकवणीने नेमकं काय होतं, हे मला कोणी विचारलं तर मी काय सांगू? पुढच्या सालासाठी आतापासून लोक मुलं घेऊन दारात येत आहेत.

पाय हलवायला मी सांगितलं होतं. तू पत्रात ते लिहिलं नाहीस. तू लिहिलं असतंस तर बरं वाटलं असतं.

आता धडा पाठवत नाही. त्याला थोडे दिवस मोकळं सोडा.

गोवर्धन


वलगाव, मंगळवार

दादा,

तुझ्यावर राग नाही. राग कोणावर करायचा तेच कळत नाही, नाहीतर मी सोडलं नसतं, तू मला ओळखतोस.

पाऊस अजून नाही, मोट चालू आहे. देवीदासने आपण होऊन परत मोट धरली. मला वाटलं, आता विसरेल. सवाल मी विचारत नाही. तर तो स्वतःच खाली जाताना सवाल करतो आणि येताना जबाब देतो. सगळं बरोबर. मी वाफ्यात उभी राहून ऐकते, आणि पाणी एकाच वाफ्यात भरत राहतं.

पण लिहायचं ते वेगळंच आहे.

दुपारी बैल सोडले की तो मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या काठावर जाऊन बसायचा. मला वाटायचं, पाण्याजवळ गार वाटत असेल. काल भाकर घेऊन गेले तर पाहते, त्याने पायांवर पाटातला चपटा दगड ठेवलेला. म्हटलं, "हे काय रे?" तर म्हणाला, "माय, विचार ना काही."

मी उपनद्या विचारल्या. बसल्या जागी, हळू आवाजात, सगळ्या सांगितल्या. समुद्र विचारले. सांगितले. अडीचकी पार शेवटपर्यंत म्हटली. मग त्याने वाकून दगड बाजूला काढला आणि म्हणाला, "आता दगडाबिगर विचार." मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. पाय गपगार. एक बोटसुद्धा हललं नाही. तू अठरा वर्षांत जे शिकवलं नाहीस ते तो दगड घेऊन शिकला.

आणि मग हसून म्हणाला, "पाहाय माय, पाय हालत नाई. मामाले लिही, पुढच्या साली मी बराबर बसतो. आता नाई चुकत."

हे बैलांना वैरण टाकत होते. त्यांनी ऐकलं. वैरण तशीच टाकून विहिरीच्या पलीकडे निघून गेले. संध्याकाळी मला म्हणाले, "तू सांग त्याले." मी म्हटलं, "तुमी सांगा." दोघांनीही सांगितलं नाही. रात्री तो जेवला आणि पटकन झोपला, सकाळी लवकर उठायचं म्हणून.

एकच वेळ आहे हे पोराला सांगू नकोस, असं तू दसऱ्याला लिहिलं होतंस. आम्ही सांगितलं नाही. आता कसं सांगायचं तेही तूच कळव.

आणि ते सुचेपर्यंत धडा पाठव. तो रोज टपालवाल्याच्या वाटेवर जाऊन उभा राहतो.

तुझी,
माणिक